हाच माझा शिवशंकर

विजयमालाचं लग्न ठरलं तेव्हा चकलांब्यात सगळे म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. एकोणीस वर्षांची पोर, बापाची आठ एकर कोरडवाहू, आणि स्थळ आलं ते थेट पंचायत समितीच्या माजी सभापतींचं. अर्जुनरावांचं वय पंचावन्नच्या पुढं होतं, पहिली बायको काविळीनं गेली होती, पण गोदाकाठच्या त्यांच्या गावात पंचवीस वर्षं त्यांच्याच शब्दानं पान हलत होतं. वयाचं कुणी काढलंच तर विजयमालाचा बाप म्हणायचा, सोन्याला कुणी वय विचारतं का?

घरात पहिल्या बायकोचा मुलगा होता, सुंदरराव. विजयमालापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो पाया पडायला आला, वाकला, पण हात पायापर्यंत नेले नाहीत. "मावशी," एवढंच म्हणाला. सावत्र आईला त्या बाजूला तसंच म्हणतात, तेव्हा त्यात वावगं काही नव्हतं. पण विजयमालाला त्या वाकण्यातच पुढचं सगळं दिसलं, असं ती नंतर सांगायची.

अर्जुनराव तापट होते. आमटीला मीठ कमी पडलं तर ताट अंगणात जायचं. पण वर्षभरानं शिवशंकर झाला आणि म्हातारा वितळला. पारावर बैठक भरली की पोराला मांडीवर घेऊन बसायचे. एकदा भर बैठकीत, सुंदरराव समोर उभा असताना, ते हसत म्हणाले, "ह्यो बघा गावाचा पुढचा मालक." लोक हसले. सुंदररावही हसला. ते एक वाक्य पोराच्या मुळावर येणार हे म्हाताऱ्याला कळलं नाही, आणि कळायच्या आत छातीत कळ येऊन ते गेले. पोर तेव्हा चार वर्षांचं होतं.

पुढच्या निवडणुकीत सुंदरराव सरपंच झाला. विजयमालाची खोली माडीवरून मागच्या परसात आली. जेवणाचं ताट मिळायचं, लुगडं-चोळी मिळायची, वाईट कुणी बोलत नव्हतं. फक्त तिला कुणी काही विचारत नव्हतं. ती शिवशंकरला शाळेत सोडायची, आणायची, आणि मोठा होईपर्यंत दिवस ढकलायचे एवढाच तिचा हिशोब होता.

सुंदररावनं त्या सुमारास नदीतली वाळू काढायला सुरुवात केली होती. पात्रात माणूस उभा मावेल असे खड्डे पडले होते. शिवशंकर आठ वर्षांचा असताना, चैत्रात, वरच्या धरणातून पाणी सुटलं आणि ते खड्डे वरून सपाट दिसायला लागले. त्या दुपारी पोरं पोहायला गेली. पाच गेली, चार परत आली.

तिसऱ्या दिवशी दोन कोसांवर वेड्या बाभळीत अडकलेलं पोर सापडलं. माशांनी चेहरा ठेवला नव्हता. बायकांनी विजयमालाला धरून ठेवलं, बघू नको म्हणाल्या. तिनं त्यांना झटकलं आणि चिखलात जाऊन बसली. कमरेला काळा करदोडा होता. पाच पदरांचा, आणि त्यात तिच्या तुटलेल्या मंगळसूत्रातला एक मणी ओवलेला. गाठ तिच्या स्वतःच्या हातची होती. तिनं त्या गाठीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग काठावरच खड्डा खणून पोराला मातीत घातलं. पहिली ओंजळ तिची होती.

परत आलेल्या पोरांपैकी एकानं सांगितलं की सुंदररावच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर राधाकिशन यानं शिवशंकरला ट्रॅक्टरवर बसवून नदीत नेलं होतं. विजयमालाला तेवढं पुरलं. ती ग्रामपंचायतीसमोर उभी राहिली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, की माझं लेकरू सुंदररावनं मारलं. तिचा भाऊ बद्रीनाथ चकलांब्याहून पंधरा माणसं घेऊन आला. ट्रॅक्टर पेटवला. राधाकिशनला घरातून ओढून काढलं आणि त्याचे दोन्ही पाय गुडघ्यातून असे मोडले की तो पुन्हा कधी सरळ चालला नाही. महिन्याभरानं कळलं की पोरांनीच हट्ट करून ट्रॅक्टर थांबवला होता, आणि शिवशंकर बुडताना बघून पाण्यात उडी टाकणारा एकटा राधाकिशनच होता.

पोलिसांत शिवशंकरची नोंद अपघाती म्हणून झाली. बद्रीनाथवर मात्र जाळपोळीचा आणि जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. भावकीची बैठक बसली. आईचं पोराकडं लक्ष नव्हतं म्हणून पोर गेलं, वर हिनं माणसं भडकवली, असं बैठकीत ठरलं. सुंदरराव आवाज न चढवता बोलला. राधाकिशन जबाब बदलेल, बद्रीनाथ सुटेल. मावशीनं मात्र जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि कडा गावाच्या पुढं महानुभावांचा मठ आहे तिथं दीक्षा घ्यायची. घरंदाज विधवा बाई, देवाच्या दारात राहील, कुणाची बोटं उठणार नाहीत.

मठातल्या मोठ्या बाईंनी तिला समोर बसवून विचारलं, "स्वतःच्या मनानं आलीस का?" बाहेर जीपमध्ये बद्रीनाथ बसला होता. त्याला तीन लेकरं होती. विजयमाला हो म्हणाली. तिचे केस काढले, काळी वस्त्रं दिली. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती.

मठ वाईट नव्हता. पहाटे उठायचं, झाडलोट, नामस्मरण, गावात भिक्षेला जायचं, मिळेल ते सगळ्यांनी मिळून खायचं. तिथल्या बायांनी आपल्या मनानं संसार सोडला होता, त्यांच्या चेहऱ्यावर एक निवांतपणा असायचा. विजयमालाच्या चेहऱ्यावर तो कधी आला नाही. नामस्मरणाला बसली की तिच्या ओठांवर देवाचं नाव असायचं आणि डोळ्यांसमोर सुंदरराव. त्याचं वाईट व्हावं यासाठी ती रोज देवाला साकडं घालायची, आणि मग त्याबद्दल देवाची क्षमा मागायची. अशी चौदा वर्षं गेली. बद्रीनाथ आधी महिन्याला यायचा, मग सणाला, मग आलाच नाही.

पंधराव्या वर्षी विठ्ठलराव आले. अर्जुनरावांच्या बरोबरीचे, आणि सुंदररावकडून तीनदा हरलेले. ते पायऱ्यांवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचा शिवशंकर जिता हाय."

विठ्ठलराव सांगत राहिले. त्याच पाण्यात वाहून आलेलं एक पोर नदीच्या खालच्या अंगाला कोळ्यांना सापडलं होतं, डोक्याला मार होता, नाव सांगता येत नव्हतं. अनाथाश्रमात त्याचं नाव बजरंग ठेवलं. मोठा झाल्यावर गेवराईत मकसूद मिस्त्रीच्या गॅरेजवर कामाला लागला. वय जुळतंय, साल जुळतंय. बाभळीत सापडलं ते कुणाचं दुसऱ्याचं पोर असंल, त्याला चेहरा कुठं होता?

"बघा तरी एकदा," विठ्ठलराव म्हणाले. "पुढल्या महिन्यात सरपंचाची निवडणूक हाय. तुमी गावासमोर एक शब्द म्हणा. सुंदररावचं राज्य गेलंच म्हणून समजा."

पोरगा जीपमध्येच बसला होता. विठ्ठलरावांनी त्याला आत पाठवलं आणि स्वतः बाहेर थांबले.

बावीस-तेवीस वर्षांचा, उंच, नखांत ग्रीसचा काळा काठ. तो दारात चप्पल काढून उभा राहिला आणि तिच्याकडं बघायचं धाडस होईना म्हणून भिंतीकडं बघत राहिला. विजयमालानं त्याच्याकडं नीट बघितलं. कान वेगळे, कपाळ वेगळं. आणि हे सगळं बघायची गरजच नव्हती, कारण तिच्या बोटाला ती पाच पदरांची गाठ अजून कळत होती.

तो म्हणाला, "ते विठ्ठलराव काय काय सांगतेत. मला कायबी आठवत न्हाई. मला निवडणूक-बिवडणूक नको. मला फकस्त तुमी खरं सांगा. मी तुमचा हाय का?" आणि मग एकदम घाईनं म्हणाला, "नसंल तर तसं सांगा, मी जातो. मला सवय हाय."

तिला नाही म्हणायचं होतं. शब्द तोंडात तयार होता. पण त्या शेवटच्या दोन शब्दांनी तिच्या आत काहीतरी ढासळलं, आणि त्याच वेळी, तिनं पुढं कधी स्वतःपासून लपवलं नाही, तिला सुंदररावचा हरलेला चेहराही दिसला. दोन्ही एकदमच आलं. त्यातलं आधी कोणतं, हे तिला आयुष्यभर ठरवता आलं नाही.

"हाय," ती म्हणाली. "माझाच हायेस."

तो खाली बसला आणि तिच्या पायावर डोकं ठेवून रडला. मोठ्या बाई आतून सगळं बघत होत्या. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "दार कधीच बंद नव्हतं, विजया. पण जे घेऊन चालली आहेस ते जड आहे."

आठ दिवसांनी ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर, हजारभर माणसांसमोर, विजयमालानं पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हाच माझा शिवशंकर." बायका रडल्या. म्हाताऱ्यांनी अर्जुनरावांचं नाक दिसतंय म्हणून सांगितलं. गर्दीच्या कडेला राधाकिशन कुबड्यांवर उभा होता. त्यानं पोर पाण्यातून काढायचा प्रयत्न केला होता, हा तो नाही हे त्याला माहीत होतं. तो मान खाली घालून निघून गेला. विजयमालानं ते बघितलं.

विठ्ठलरावांनी पोराचं नाव गावच्या मतदार यादीत आधीच घालून ठेवलं होतं. कागदावर बजरंग, बॅनरवर शिवशंकर. सातशे मतांनी निवडून आला.

त्यानंतरचे सात महिने विजयमालाच्या आयुष्यातले सुखाचे, असं म्हणावं तर तसंच होतं. विठ्ठलरावांनी वस्तीवर दोन खोल्या दिल्या होत्या. ती धपाटे करायची, काळ्या मसाल्याची आमटी करायची. तो ताटाभोवती डावा हात घालून भराभरा जेवायचा, कुणी ओढून नेईल असा. महिनाभरानं तो हात सुटला. त्या दिवशी ती चुलीकडं तोंड करून रडली.

तो सरपंच म्हणून खरोखरच काम करायला लागला, याचं विठ्ठलरावांनाही नवल वाटलं. नळाची मोटर बंद पडली तर कुणाला न बोलावता स्वतःच खोलून बसायचा. राधाकिशनला अपंगाचा दाखला मिळाला नव्हता, त्याच्यासाठी त्यानं बीडला चार खेपा घातल्या.

संध्याकाळी तो विचारायचा, आई, मी लहानपणी कसा होतो? आणि ती सांगायची. शिवशंकर पहिल्यांदा चालला तो कोंबडीच्या मागं. त्याला उसाचं पेर सोलून दिल्याशिवाय खाता यायचं नाही. शाळेत बाईंना तो आई म्हणाला होता. बजरंग ऐकायचा, हसायचा, आणि पुढच्या वेळी तीच गोष्ट आपणहून सांगायचा, "मी कोंबडीमागं चाललो ना?" असं करत एकेक आठवण त्याची होत गेली. एके दिवशी भाकरी थापता थापता विजयमालानं आपल्या लेकराचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर कोंबडीमागं धावणाऱ्या पोराला बजरंगचं तोंड होतं. तिनं पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. नदीनं चेहरा नेला होता तो बाभळीतल्या पोराचा. आठवणीतला तिनं स्वतःच्या हातानं देऊन टाकला होता. तव्यावरची भाकरी जळून काळी पडली तरी ती तशीच बसून राहिली.

सातव्या महिन्यात त्यानं ग्रामसभेत ठराव मांडला. गावच्या शिवारातून वाळूची एक गाडी जाणार नाही. "ज्या खड्ड्यात मी बुडालो," तो म्हणाला, "तसला खड्डा पुन्हा हुऊ देणार न्हाई." लोकांनी हात वर करून ठराव मंजूर केला. विठ्ठलरावांनीही हात वर केला, पण त्यांचा चेहरा उतरला. सुंदररावला पाडण्यात त्यांचा सगळा डोळा त्या वाळूवरच होता. विजयमाला बायकांत बसली होती. मी बुडालो, हे तो इतक्या खरेपणानं म्हणाला की तिला तिथं बसवेना.

पंधरा दिवसांनी सकाळी, बजरंग मोटरसायकलवर गेवराईला गेलेला असताना, विठ्ठलराव वस्तीवर आले. बरोबर सुंदरराव होता. वीस वर्षं एकमेकांच्या घरच्या लग्नाला न गेलेले दोघं एका गाडीतून उतरले, तेव्हाच विजयमालाला कळायचं ते कळलं.

विठ्ठलरावांनी सगळं सांगितलं. येत्या शनिवारी ग्रामसभा आहे. त्यात तिनं म्हणायचं की हा माझा मुलगा नाही, माझी फसवणूक झाली. पोरगा राजीनामा देईल, गाव सोडील. त्याच्यावर केस होणार नाही, तिच्यावरही नाही.

"तुमीच आणला हुता त्याला," विजयमाला म्हणाली.

"आणला हुता," विठ्ठलराव म्हणाले, आणि अंगणातल्या शेवग्याकडं बघायला लागले.

"आन् मी न्हाई म्हणले तर?"

सुंदरराव हळू आवाजात बोलला, "मावशी, पोरगं रोज मोटरसायकलवर जातंय. रस्त्यानं वाळूच्या हायवा गाड्या लई भरधाव चालतेत. डायव्हर पोरं, कुणाचं कुणाकडं ध्यान नसतं." मग त्यानं वाकून तिला नमस्कार केला, हात पायापर्यंत नेले, आणि निघाला.

शनिवारला तीन दिवस होते. तीन दिवस विजयमाला विचार करत राहिली. बजरंगला सांगितलं तर तो पळणार नाही, एवढं ती त्याला ओळखत होती. तो पोलिसांत जाईल, बीडला जाईल, पारावर उभा राहून दोघांची नावं घेईल, आणि मोटरसायकलवरून परत येईल. आई धोक्यात आहे म्हटल्यावर तर हलणारच नाही. तो एकाच गोष्टीनं जाईल. इथं आपलं कुणी नाही, कधीच नव्हतं, हे त्याला पटलं तर.

शनिवारी ग्रामसभेत विठ्ठलरावांनी विषय काढला. लोकांत शंका आहे, बाईंनी एकदा खुलासा करावा. बजरंग हसला. त्याला वाटलं, चला, एकदाचं तोंड बंद होईल सगळ्यांचं. त्यानं स्वतः तिला हात धरून पारावर चढवलं.

विजयमाला म्हणाली, "ह्यो माझा न्हाई. माझं लेकरू पंधरा वर्सांमागंच गेलं. मी त्याला माझ्या हातानं मातीत घातलंय."

बजरंगचं हसू लगेच गेलं नाही, ते तोंडावर तसंच राहिलं, नुसतं रिकामं.

"आई," तो म्हणाला, "मंग तवा कावून हाय म्हणलीस?"

"सुंदररावचा सूड घ्यायचा हुता."

ते खरं होतं. अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं तिच्या घशात होतं आणि ते बाहेर आलं असतं तर पोरगा तिथंच पाय रोवून उभा राहिला असता. तिनं दात आवळून ते आत ठेवलं.

तो आणखी काही विचारेल असं तिला वाटलं होतं. त्यानं तिथल्याच एका कागदावर राजीनामा लिहिला, सही केली, आणि सही करताना कोणतं नाव लिहायचं यासाठी क्षणभर थांबला. वस्तीवर येऊन दोन शर्ट पिशवीत घातले. विजयमाला दारात उभी होती. तिनं सकाळी त्याच्यासाठी धपाटे बांधून ठेवले होते, ते तिनं पुढं केले. त्यानं तिच्याकडं न बघता बाजूनं वाट काढली. मोटरसायकल ग्रामपंचायतीसमोरच ठेवली आणि चालत फाट्याकडं गेला.

पोटनिवडणुकीत सुंदररावचा चुलतभाऊ आला. ठराव रद्द झाला नाही, कुणी तो काढून वाचलाच नाही. नदीत रोज तीस-चाळीस गाड्या उतरायला लागल्या. विजयमालाला गावात कुणी शिवी दिली नाही, पण विहिरीवर ती गेली की बाया घागर अर्धी ठेवून निघायच्या. फक्त राधाकिशन एकदा कुबड्या टेकत वस्तीवर आला. बराच वेळ बसला. जाताना म्हणाला, "त्यो तुमचा नव्हता हे मला ठाव हुतं. पर त्यो चांगला हुता." ती म्हणाली, तुझ्या पायांबद्दल मी कधी बोलले नाही. तो म्हणाला, राहू द्या.

ती मठात परत गेली. मोठ्या बाई त्या वर्षी देह सोडून गेल्या होत्या. नव्या बाईंनी काही न विचारता तिची जागा तिला दाखवली. आता ओठांवर देवाचं नाव घेताना समोर सुंदरराव येत नव्हता. कुणीच येत नव्हतं. वाईट चिंतायलासुद्धा आत काही उरलं नव्हतं.

वर्ष झाल्यावर ती एका सकाळी एसटीनं गेवराईला गेली. मकसूद मिस्त्रीचं गॅरेज हमरस्त्यालाच होतं. मकसूद तिला ओळखून आत निघून गेला. त्याची बायको मुनिरा बाहेर आली, स्टूल दिलं, पाणी दिलं.

विजयमाला म्हणाली, "बजरंग कुठं हाय ते मला सांगू नका. त्यो जिता हाय का, तेवढंच सांगा."

"जिता हाय, मावशी," मुनिरा म्हणाली. "पुण्याकडं कंपनीत लागलाय. लगीन ठरलंय त्याचं."

विजयमालानं डोळे मिटले. मग पदराखालून हात काढून म्हणाली, की त्याला एक निरोप द्यायचा आहे. त्या दिवशी ती जे बोलली ते का बोलली, ते त्याला सांगायचं आहे. आता तो लांब आहे, आता सांगायला हरकत नाही. तिनं मुनिराला सगळं सांगितलं. शनिवारच्या आधीच्या तीन दिवसांचं, मोटरसायकलचं, हायवा गाड्यांचं.

मुनिरा ऐकत राहिली. तिचे डोळे भरले. पण तिनं मान हलवली. "नको मावशी. हे कळलं तर त्यो दुसऱ्या दिवशी परत यील. तुमालाबी ठाव हाय."

विजयमालाला ठाऊक होतं. इथं येतानाच ठाऊक होतं.

थोडं थांबून तिनं विचारलं, "सोयरिकीला मुलीकडच्यांनी आईबापाचं विचारलं असंल. काय सांगितलं त्यानं?"

दोनदा विचारल्यावर मुनिरा खाली बघत म्हणाली, "सांगितलं, आई हुती. नदीत बुडून गेली."

विजयमाला मान डोलवत राहिली, जणू कुणी एखाद्या गावाची वाट समजावून सांगत आहे. मग पाणी पिऊन पेला उपडा घातला, मुनिराच्या डोक्यावर हात ठेवला, आणि स्टँडकडं चालायला लागली. कड्याकडं जाणारी गाडी लागली होती. तिला खिडकीची जागा मिळाली.